दंड भरला नाही, कर्ज फेडलं

१८ नोव्हेंबर १८७२ ची गोष्ट. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात, मॅडिसन स्ट्रीटवरच्या १७ नंबरच्या घरी एक सरकारी अंमलदार दिवाणखान्यात अवघडून बसला होता. समोर स्त्रियांच्या मताच्या हक्कासाठी झगडणाऱ्या सुझन बी. अँथनी. तेरा दिवसांपूर्वी त्या मतदान करून आल्या होत्या आणि बाईनं मत देणं हा गुन्हा होता. त्यांना घेऊन जायला तो आला होता, पण अशा बाईला अटक कशी करतात हे त्याला कळत नव्हतं. शेवटी दोघं ट्रामनं निघाले. कंडक्टरनं तिकिटाचे पैसे मागितले, तेव्हा अँथनीबाईंनी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की मी सरकारी खर्चानं चालले आहे, भाडं या गृहस्थांकडून घ्या.

पुढच्या वर्षी जूनमध्ये कॅनन्डेग्वाच्या कोर्टात खटला चालला. न्यायाधीश वॉर्ड हंट यांनी ज्युरीला विचारच करू दिला नाही, दोषी ठरवण्याचा हुकूम सोडला आणि १०० डॉलर दंड ठोठावला. त्यावर बाई जे बोलल्या ते मला त्यांच्या मताच्या मागणीइतकंच मोलाचं वाटतं. माझ्याकडे मालमत्ता म्हणाल तर १०,००० डॉलरचं कर्ज तेवढं आहे, त्या म्हणाल्या. ते माझ्या वर्तमानपत्रापायी झालेलं प्रामाणिक कर्ज आहे आणि त्यातला डॉलर न् डॉलर मी राबून फेडीन, पण या अन्यायी दंडापोटी एक पैसाही देणार नाही. झालंही तसंच. दंड त्यांनी शेवटपर्यंत भरला नाही. कर्ज मात्र गावोगाव व्याख्यानं देत १८७६ मध्ये पुरतं फेडलं.

ते घर आज संग्रहालय आहे. बाई तिथे १८६६ पासून राहिल्या आणि १३ मार्च १९०६ रोजी तिथेच वारल्या. १९४५ मध्ये रॉचेस्टरमधल्या महिला मंडळांनी पुढाकार घेऊन ते विकत घेतलं, १९६५ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. दर फेब्रुवारीत बाईंच्या वाढदिवसाच्या सुमारास संग्रहालयाच्या मदतीसाठी मोठा भोजनसमारंभ होतो. बाई नेहमी जवळ बाळगायच्या ती सुसरीच्या कातड्याची बॅग तिथे बघायला मिळते, आणि त्या बॅगेवरून बेतलेल्या बॅगा संग्रहालयाला मदत म्हणून विकल्याही गेल्या आहेत. अशा गोष्टी ऐकल्या की आपल्यातली बरीच माणसं नाक मुरडतात. स्मारक म्हणजे पवित्र जागा, तिथे जेवणावळी कसल्या, पर्स कसल्या विकता, हा बाईंचा बाजार मांडला आहे, असं मी चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकलं आहे. दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे बोलते: घर टिकायला हवं ना, मग पैसा कुठूनही येवो, कार्यक्रम कसलाही असो, हॉल भाड्यानं द्या, लग्नं लावा.

मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात, आणि त्याचं कारण त्या कोर्टातल्या एका वाक्यात आहे. कुठला पैसा द्यायचा आणि कुठला नाही, हे ज्या बाईला इतकं लख्ख कळत होतं, तिच्या घरानं कुठला पैसा घ्यायचा आणि कुठला नाही हेही तितकंच लख्ख ठरवायला हवं. पैसे मागण्यात कमीपणा नाही. पण मागून आणलेल्या पैशानं घराची नाही म्हणण्याची ताकद गेली, तर मागे विटा तेवढ्या उरतील.

आधी खर्चाचं बोलू, कारण तो आलेल्या पाहुण्याला दिसत नाही. जुन्या विटांच्या घराचे सांधे दर काही वर्षांनी भरावे लागतात. बाईंचा काळा रेशमी पोशाख असतो, त्याला उजेड जास्त झाला तरी वाईट आणि हवेत ओल वाढली तरी वाईट. विमा, छप्पर, तारा, आगीची घंटा. २६ सप्टेंबर २०२१ च्या पहाटे या घराच्या मागच्या पोर्चला आग लागली. अग्निशमन दलानं वेळीच विझवली आणि आतला ऐवज वाचला, पण एका रात्रीत काय होऊ शकतं हे सगळ्यांना दिसलं. असं घर नुसत्या प्रवेश तिकिटावर चालत नाही. आपल्याकडे ज्यांनी एखादं शंभर वर्षांचं ग्रंथालय चालवलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. वर्गणीदारांच्या पैशात छप्परसुद्धा शाकारून होत नाही.

आता बाजार मांडण्याबद्दल. मताधिकाराची चळवळ पैशाविना चालली असती, अशी कल्पना करणाऱ्यांनी तिचा जमाखर्च कधी पाहिलेला नाही. अँथनीबाई तरुणपणी दारूबंदीच्या कामात होत्या. त्यांनी गावोगाव बायकांच्या संस्था उभ्या केल्या आणि वर्षभरानं परत जाऊन पाहिलं तर बहुतेक बंद पडलेल्या. कारण साधं होतं. बायकांच्या हातात स्वतःचा पैसाच नव्हता. लग्न झालेल्या बाईची कमाईदेखील कायद्यानं नवऱ्याची. बाईच्या हातात स्वतःची थैली हवी, हे त्यांनी तेव्हा ओळखलं, आणि त्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याला त्यातून वळण मिळालं. ती सुसरीच्या कातड्याची बॅग मला म्हणून शोभेची वस्तू वाटत नाही. एका अविवाहित बाईनं स्वतः मिळवलेले पैसे, स्वतःची पत्रकं आणि स्वतःची भाषणं घेऊन त्या काळी एकटीनं प्रवास करणं, हे सगळं त्या पिशवीत आहे.

१८५४ च्या नाताळात त्या न्यूयॉर्क राज्याच्या दौऱ्यावर निघाल्या. विवाहित स्त्रीला मालमत्तेचा हक्क आणि मत मिळावं म्हणून अर्जांवर सह्या गोळा करायच्या होत्या. बर्फ, घसरगाड्या, थंडगार खोल्या, गोठलेली पावलं. ६० पैकी ५४ जिल्हे त्यांनी पालथे घातले. सभांची वर्गणी आणि पुस्तिकांची विक्री यावर सगळा दौरा चालला. हिशेब लिहिलेला आहे: जमा २,३६७ डॉलर, खर्च २,२९१ डॉलर, शिल्लक ७६ डॉलर. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी बराच वेळ त्यांच्याकडेच बघत बसले होते. माझ्या आईनं महिला मंडळाची कीर्द तीस वर्षं लिहिली. तिच्या शिल्लकेचे आकडे असेच असायचे, आणि ती ते असेच जपून लिहायची.

पुढच्या पिढीनं तर हे काम आणखी धीटपणे केलं. १९०९ मध्ये अल्वा बेलमाँट या गडगंज श्रीमंत बाईंनी अमेरिकेतल्याच न्यूपोर्ट गावातला आपला मार्बल हाउस हा महाल मताधिकाराच्या सभांसाठी खुला केला आणि त्याला तिकीट लावलं. लोक महाल बघायला आले आणि भाषणं ऐकून गेले. १९१४ मध्ये तिथेच भरलेल्या स्त्रियांच्या परिषदेच्या सुमारास त्यांनी ‘व्होट्स फॉर विमेन’ अशी अक्षरं असलेली चिनी मातीची भांडी इंग्लंडहून करवून आणली. त्या नमुन्याचे कप न्यूपोर्टच्या दुकानात आजही मिळतात. तिकडे लंडनमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या एमेलिन पँकहर्स्टबाईंच्या संघटनेनं मे १९०९ मध्ये नाइट्सब्रिजच्या स्केटिंग रिंकमध्ये भलंमोठं प्रदर्शन भरवलं. जांभळ्या-पांढऱ्या-हिरव्या रंगांचे स्टॉल, आइस्क्रीम, बँड, आणि मध्येच तुरुंगातल्या कोठडीची हुबेहूब प्रतिकृती. पाच हजार पौंडांहून जास्त रक्कम उभी राहिली. आइस्क्रीम खाता खाता माणूस त्या कोठडीपाशी येऊन थांबायचा. यात बाजार होता हे खरंच. पण त्या बाजारातून येणारा जाणारा कोठडीपर्यंत पोचत होता, म्हणून मला तो मान्य आहे.

आणि १९०० सालचा तो दिवस. रॉचेस्टर विद्यापीठानं मुलींना प्रवेश द्यायचं कबूल केलं होतं, पण अट घातली की बायकांनी ५०,००० डॉलर जमवून द्यावेत. सप्टेंबरमध्ये मुदतीच्या शेवटच्या घटकेला अँथनीबाईंना कळलं की अजून ८,००० डॉलर कमी आहेत. त्या तेव्हा ऐंशी वर्षांच्या होत्या. सकाळी गाडी जुंपून निघाल्या ती दारोदार. आधी घरातच, बहीण मेरीकडे. मेरीबाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, मॅडिसन स्ट्रीटचं घर त्यांच्या पगाराचा मोठा आधार घेऊन चाललेलं होतं. मृत्युपत्रात विद्यापीठाला द्यायचे म्हणून ठेवलेले २,००० डॉलर मेरीबाईंनी आत्ताच देऊ केले. मग ओळखीची घरं, दुकानं, नकार, पुन्हा गाडी. संध्याकाळी विश्वस्तांपुढे आकडा पुरा करून दाखवला, तर त्यांनी एका देणगीदाराच्या हमीवर शंका काढली: माणूस आजारी आहे, उद्या गेला तर? तेव्हा बाईंनी त्या २,००० डॉलरपोटी स्वतःची विम्याची पॉलिसी पुढे केली. मुलींना प्रवेश मिळाला. थोड्याच दिवसांत बाईंना अर्धांगाचा झटका आला.

आपल्या अण्णा कर्व्यांनीही आपली विम्याची पॉलिसी हिंगण्याच्या संस्थेला देऊन टाकली होती. बायकांच्या शिक्षणासाठी झोळी घेऊन ते सत्तरी ओलांडल्यावर युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिकेपर्यंत फिरले. म्हणून मराठी माणसानं तरी निधी गोळा करण्याला हलकं समजू नये.

मात्र अण्णांच्या झोळीत काय पडावं, आणि अँथनीबाईंच्या पिशवीत काय पडावं, याला एक हद्द आहे. बाईंनी स्वतः ती एकदा ओलांडली. १८६८ मध्ये त्यांनी ‘द रिव्होल्यूशन’ हे साप्ताहिक सुरू केलं ते जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन नावाच्या एका भपकेबाज धनिकाच्या भरवशावर. ट्रेन बायकांच्या मताच्या बाजूनं बोलायचा आणि त्याच दमात काळ्या लोकांची हेटाळणी करायचा. गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर झुंजलेले जुने सहकारी यामुळे हादरले, दुरावले. इतकं करून ट्रेन पहिला अंक निघताच इंग्लंडच्या वाटेला लागला, आयर्लंडमध्ये तुरुंगात गेला आणि त्याचा पैशाचा ओघ आटत गेला. दहा हजारांचं कर्ज ते हेच. पैसे सहा वर्षांत फिटले. तुटलेल्या मैत्रीची आणि त्या पानांवर छापल्या गेलेल्या विखारी मजकुराची बाकी अजून शिल्लक आहे, आणि त्यांच्या घरानं ती लपवू नये.

प्रायोजक काय करतो हे मी जवळून पाहिलं आहे. आमच्या गावच्या एका मंडळात महिलादिनाला आम्ही छोटी नाटिका बसवली होती. बिल्डरनं हॉलचा आणि जेवणाचा खर्च उचलला होता. रंगीत तालमीला त्यांचा माणूस येऊन बसला. नाटिकेत एक मोलकरीण म्हणते, की नव्या इमारतीत मला सामानाच्या लिफ्टनं जावं लागतं. हे एक वाक्य तेवढं काढा, तो नम्रपणे म्हणाला. आम्ही काढलं. पोह्यांच्या वाफाळत्या पातेल्यांकडे बघत, कोणी काही न बोलता काढलं. वाक्य म्हणणारी मुलगी मात्र विंगेत रडत होती. ते वाक्य मला अजून टोचतं.

म्हणूनच ऑगस्ट २०२० मध्ये मॅडिसन स्ट्रीटवरच्या संग्रहालयानं जे केलं, त्याचं मोल मला फार वाटतं. स्त्रियांच्या मताधिकाराच्या घटनादुरुस्तीला शंभर वर्षं झाली त्या दिवशी अध्यक्ष ट्रम्प यांनी सुझन अँथनींना मरणोत्तर माफी जाहीर केली. वरवर पाहता केवढा मान! कुठलंही मिंधं स्मारक हार घेऊन पुढे धावलं असतं. संग्रहालयाच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितलं, की ही माफी आम्हाला नको. माफी घेणं म्हणजे तो खटला खरा होता असं मान्य करणं. बाईंनी दंड भरला नाही, तो खटला मानलाच नाही. त्यांचा मान राखायचाच असेल तर आज मतदानात घातल्या जाणाऱ्या अडथळ्यांविरुद्ध उभे राहा. पक्ष कुठला, अध्यक्ष कोण, हा मुद्दा माझ्या लेखी गौण आहे. देशाच्या सर्वोच्च माणसाला एका विटांच्या घरानं नाही म्हटलं, आणि ते म्हणू शकलं, कारण त्याची चूल कोणा एकाच्या लाकडावर पेटत नव्हती. वाढदिवसाच्या जेवणाचं तिकीट घेणाऱ्या, सभासद होणाऱ्या, बॅग विकत घेणाऱ्या शेकडो माणसांनी मिळून त्या नकाराची ऐपत कमावून ठेवली होती, असं मी मानते.

अटी कशा बोचतात हे पंडिता रमाबाईंना विचारावं. अँथनीबाईंच्याच काळात, १८८६ ते १८८८, त्या अमेरिकेत भाषणं देत फिरत होत्या. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन निघाली, दहा वर्षं मदत द्यायचं ठरलं आणि गावोगावच्या मंडळांतून वर्गणी जमू लागली. त्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. विधवांना शिकवायचं, धर्म शिकवायचा नाही, अशी ही बोली होती. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या, मुली येऊन बसायच्या. सदन तोवर पुण्याला हललं होतं, तिथे यावरून वादळ उठलं आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारख्या मंडळींनी सल्लागारपद सोडलं. कोण बरोबर होतं यावर आपल्याकडे अजून भांडणं होतात. पण हजारो मैलांवरच्या वर्गणीवर चालणाऱ्या घरातल्या बाईनं स्वतःच्या खोलीचं दार उघडं ठेवावं की नाही, हाही चर्चेचा विषय होतो, हे विसरू नये. तरीही ती वर्गणी एका राजाची किंवा एका सावकाराची नव्हती. अनेक गावांतल्या अनेक बायकांची होती, म्हणून एवढ्या वादातही सदन उभं राहिलं.

पुण्याच्या भिडेवाड्याची आठवण इथे होतेच. १८४८ मध्ये जिथे मुलींची शाळा भरली तो वाडा वर्षानुवर्षं खटल्यांत पडून राहिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये जमीनदोस्त झाला, आता तिथे सरकारी स्मारक होणार आहे. स्मारक व्हावंच. पण सावित्रीबाईंच्या नावानं पुण्यातल्या बायकांनी घरटी वर्गणी काढून तीस-चाळीस वर्षांपूर्वीच तो वाडा मागितला असता, तर लाकडाचे जिने आणि खांब आज आपल्या नातींना हात लावून बघता आले असते. रॉचेस्टरच्या बायकांनी १९४५ मध्ये ते केलं.

मँचेस्टरला नेल्सन स्ट्रीटवर ६२ नंबरचं घर आहे. १० ऑक्टोबर १९०३ रोजी एमेलिन पँकहर्स्टबाईंनी आपली संघटना त्या घराच्या बैठकीत स्थापन केली. भोवती मोठं इस्पितळ वाढलं, घर पाडायचं घाटत होतं, बायकांनी ते वाचवलं आणि १९८७ मध्ये पुन्हा उघडलं. तिथे संग्रहालय आहे आणि त्याच संस्थेचं, घरात मार खाणाऱ्या बायकांना आधार देण्याचं कामही आहे. पाहुणा पुढच्या बैठकीत जुनी खुर्ची बघतो, आणि ते घर चालवणारी संस्था आज रात्री घर सोडून निघालेल्या बाईच्या कामी येते. लग्नासाठी हॉल भाड्यानं द्यावा का, या प्रश्नाला मला इथे उत्तर सापडतं. द्यावा, पण लग्नाच्या वऱ्हाडाला त्या बैठकीतून जावं लागेल असा द्यावा. मांडवाच्या कनातीनं घर झाकून टाकणार असाल तर देऊ नये.

रॉचेस्टरच्या भोजनसमारंभाबद्दल मला एक काळजी आहे. मॅडिसन स्ट्रीट शहराच्या पश्चिमेकडच्या साध्या वस्तीत आहे, आणि रॉचेस्टरमध्ये गरिबी फार आहे, मुलांची तर फारच. फेब्रुवारीच्या ताटाचं तिकीट ज्या बाईला परवडत नाही, ती त्या घरापासून चार दारं सोडून राहते. ठरावीक ताटं वस्तीतल्या बायकांसाठी राखून ठेवावीत, आणि कोपऱ्यातलं टेबल त्यांना देऊ नये. हे दान म्हणून नकोच. ५४ जिल्ह्यांत बर्फातून सभांना आलेल्या बायका अशाच होत्या.

आणि त्या जेवणात घरातलं भांडण वाढलं जावं. १८९० च्या दशकात आयडा वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार अँथनीबाईंकडे याच घरी पाहुण्या म्हणून राहिल्या होत्या. बाई बाहेर जाताना आपल्या लघुलेखिकेला सांगून गेल्या, की वेल्सबाईंची पत्रं उतरवून घे. काळ्या बाईकडून मी मजकूर घेणार नाही, असं त्या मुलीनं ठरवलं. परत आल्यावर अँथनीबाईंना हे कळलं आणि त्यांनी तिला कामावरून काढून टाकलं. समारंभात ही गोष्ट सांगायला कोणालाही आवडेल. पण वेल्सबाईंनीच लिहून ठेवलेली दुसरी गोष्टही आहे. १८९५ मध्ये अटलांटाला मताधिकार परिषद भरणार होती, तेव्हा अँथनीबाईंनी आपल्या जुन्या मित्राला, कृष्णवर्णीयांचे नेते फ्रेडरिक डग्लस यांना, येऊ नका असं सांगितलं. दक्षिणेतल्या गोऱ्या बायका बिथरू नयेत, चळवळीत याव्यात म्हणून. मी चुकले का, असं त्यांनी वेल्सबाईंना विचारलं, आणि वेल्सबाईंनी तोंडावर सांगितलं की हो, चुकलात. ज्या घरात हे बोलणं झालं त्याच्या नावानं जेवायला बसायचं आणि पहिली गोष्ट सांगून दुसरी गिळायची, हे मला पटणार नाही. एखादा देणगीदार दुसऱ्या गोष्टीनं नाराज होऊन तिकीट परत करणार असेल तर करू द्यावं.

माझी सूचना लहान आहे. मेन्यूकार्डाच्या पाठीमागे नेहमी प्रायोजकांची नावं असतात, कोणाचा लोगो केवढा यावरून आधी बरीच चर्चा होते. ती नावं राहू द्यावीत, पण वर गेल्या वर्षीचा जमाखर्च छापावा. छपराला किती लागले, विम्याला किती, शाळेतल्या मुलांना फुकट दाखवण्यात किती, लहान वर्गणीदार किती. कोणाची देणगी नाकारली असेल तर तीही ओळ, कारणासकट. आणि सगळ्यात खाली १८५४-५५ च्या दौऱ्याचा हिशेब, बाईंनी ठेवला तसा: जमा २,३६७, खर्च २,२९१, शिल्लक ७६ डॉलर.